दोन अक्षरांचा अर्थ

संध्याकाळच्या मिस्सेनंतर धर्मग्रामाच्या कचेरीत येणाऱ्या माणसांपैकी काही दाखल्यासाठी येतात, काही मिस्सेची नोंद करण्यासाठी येतात, तर काही हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन येतात. या पिशवीत इस्पितळाचे कागद असतात. रक्ताचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, क्ष-किरणांच्या पाकिटावर खरडलेली एखादी ओळ. पिशवी टेबलावर रिकामी होते आणि ठरलेला प्रश्न येतो, "फादर, यात काय लिहिलंय तेवढं सांगा."

ज्याला इंग्रजी येते आणि ज्याने सेमिनरीत थोडेफार लॅटिन वाचले आहे, त्याला डॉक्टरांचे अक्षर व भाषा कळणारच, अशी आमच्या लोकांची भाबडी समजूत आहे. ही समजूत दूर करण्याचा प्रयत्न आम्ही बरीच वर्षे केला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चिठ्ठीवरचे 'बी. डी.' म्हणजे 'बिस दिए', दिवसातून दोनदा, 'टी. डी. एस.' म्हणजे 'तेर दिए सुमेंदुम', दिवसातून तीनदा घ्यावयाचे, 'एच. एस.' म्हणजे 'होरा सोम्नी', निजतेवेळी. एवढे सांगितले की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर समाधान पसरे आणि आमच्याही मनाला थोडी गुदगुली होई. गोळ्यांच्या वेळा सांगण्यापुरते हे ज्ञान निरुपद्रवी होते. ते किती अपुरे आहे याचा प्रत्यय आम्हांला २०१६ च्या पावसाळ्यात आला.

त्या दिवशी एक मायलेकींची जोडी कचेरीत आली होती. मुलगी चोवीस वर्षांची, पदवी घेऊन नोकरीला लागलेली, लग्न ठरलेले. जिना चढताना दम लागतो म्हणून शहरातल्या एका इस्पितळात दाखवून त्या परतल्या होत्या. बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती, डॉक्टर घाईत होते, त्यांनी हिंदीत काहीतरी सांगितले पण ते नीट कळले नाही, असे आई म्हणाली. कागदावर चार ओळी होत्या. श्वास लागतो, अशी तक्रार, रुग्णाला 'एम. एस.' असल्याचे निदान. एका तपासणीचे नाव, जे आम्हांला वाचता आले नाही. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवावे, अशी सूचना.

'एम. एस.' ही दोन अक्षरे आम्ही पूर्वी कुठे तरी वाचली होती. कपाटातल्या एका जुन्या इंग्रजी कोशात पाहिले, तर तेथे त्यांचा विस्तार 'मल्टिपल स्क्लेरोसिस' असा दिला होता. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील नसांवरचे आवरण जागोजागी झिजत जाते, हातपाय हळूहळू दुबळे होतात आणि हा रोग मुळापासून बरा होत नाही, असे त्यात म्हटले होते. आम्ही ते वाचले आणि आमच्या समजुतीप्रमाणे सौम्य शब्दांत सांगितले. नसांचा आजार आहे, चिवट आहे, देवावर भरवसा ठेवा, असे काहीसे आम्ही बोललो.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण फादर, हिला नसांचा त्रास कधीच नव्हता. लहानपणी घसा धरायचा, ताप यायचा आणि मग गुडघे सुजायचे. आज हा सांधा, उद्या तो. तेवढंच." आम्ही मान डोलावली आणि त्या बोलण्याकडे दुर्लक्ष केले. कोशात छापलेला शब्द आमच्या हाती होता. त्यापुढे बाईमाणसाच्या आठवणीला काय महत्त्व द्यायचे, असा विचार मनात स्पष्टपणे आला नसेलही, पण आमचे वागणे मात्र तसेच होते.

पुढच्या सहा आठवड्यांत जे घडले ते आम्ही विसरू शकत नाही. जो रोग बरा होणारच नाही, त्यासाठी पुन्हा लोकल गाडीने शहरात जाऊन रांगेत कशाला उभे राहायचे, असे घरच्यांना वाटले आणि दोन आठवड्यांची तारीख टळली. कचेरीत उच्चारलेला शब्द आळीत पोहोचला, आळीतून शेजारच्या गावी गेला. नवऱ्यामुलाच्या घरून दोन वडीलधारी माणसे येऊन अतिशय सभ्यपणे बोलून गेली आणि ठरलेले लग्न मोडले. मग सप्टेंबरमधल्या एका रात्री मुलीला अंथरुणावर आडवे होता येईना. उठून बसली तरी धाप थांबेना आणि खोकल्यातून गुलाबी फेस येऊ लागला. रात्री दीड वाजता तिला इस्पितळात नेले. आजाऱ्यांचे पवित्र तेल घेऊन आम्हीही मागोमाग गेलो.

पहाटे अतिदक्षता विभागातून एक तरुण डॉक्टर बाहेर आला. फुप्फुसांत साचलेले पाणी औषधांनी उतरत होते. 'हिला नसांचा आजार आहे ना', असे आम्ही विचारताच तो चकित झाला. "नसांचा? नाही, फादर. एम. एस. म्हणजे मायट्रल स्टेनोसिस. हृदयाची झडप अरुंद झाली आहे." मग त्याने भिंतीला टेकून सगळे समजावून सांगितले. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते. लहानपणी घशाला विशिष्ट जंतूंचा संसर्ग होतो. त्यानंतर काही मुलांना ताप येऊन सांधे सुजतात आणि त्या आजारात हृदयाच्या झडपेलाही इजा होते. वर्षे जातात, झडप जाड होते, तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात, वाट अरुंद होते आणि रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. आईने कचेरीत सांगितलेले सुजरे गुडघे हीच त्या रोगाची पहिली पायरी होती. निदानाची किल्ली तिच्या साध्या बोलण्यात होती आणि आम्ही ती कोशात शोधत बसलो होतो.

तो डॉक्टर पुढे जे म्हणाला ते ऐकून आम्हांला हसावे की रडावे ते कळेना. "हे नाव तर तुमच्याच घरचं आहे, फादर. बिशपांच्या डोक्यावर जो मायटर असतो, त्यावरून 'मायट्रल'." सोळाव्या शतकातील शरीररचनाशास्त्रज्ञ आंद्रेआस व्हेसालियस यांना दोन पाकळ्यांची ही झडप बिशपांच्या शिरोभूषणासारखी दिसली आणि ते नाव रूढ झाले. दृढीकरणाच्या प्रत्येक सोहळ्यात ते शिरोभूषण आम्ही हाताच्या अंतरावरून पाहत आलो होतो, तरीही कागदावरचा तो शब्द आम्हांला ओळखता आला नाही, कारण तेथे शब्द नव्हताच. त्याची पहिली दोन अक्षरे होती.

दोन महिन्यांनी मांडीच्या शिरेतून नळी घालून, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवून ती वाट मोकळी करण्यात आली. मुलगी वाचली, कामावर रुजू झाली. मोडलेले लग्न मात्र पुन्हा जुळले नाही.

आम्ही त्या घरी जाऊन क्षमा मागितली. आईने चहा ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" त्या उत्तराने आमचे ओझे हलके झाले नाही. एवढे शिकलेले शास्त्र, आणि त्यात दोन अक्षरांचा अर्थ निश्चित करण्याची काही सोय नसावी, हा प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आमच्या धर्मग्रामातला एक मुलगा पुण्यात इस्पितळांच्या संगणक-प्रणालीचे काम करतो. नाताळच्या सुटीत तो गावी आला तेव्हा आम्ही त्याला हा सारा प्रकार सांगितला. त्याने संगणक उघडला आणि म्हणाला, "फादर, सोय आहे. पण ती कागदावर खरडणाऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे."

त्याने जे दाखवले त्याचे नाव 'स्नोमेड सीटी'. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांच्या महाविद्यालयाने १९६५ साली आपल्या विषयापुरती एक नामावली तयार केली होती. इंग्लंडमध्ये डॉ. जेम्स रीड यांनी १९८० च्या दशकात सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसायासाठी वेगळी संकेतावली रचली. वाढत गेलेल्या या दोन परंपरा एकत्र येऊन २००२ मध्ये आजची प्रणाली झाली. साडेतीन लाखांहून अधिक वैद्यकीय संकल्पना तिच्यात नोंदलेल्या आहेत. भारत २०१४ पासून तिचा सदस्य देश आहे आणि तिचे राष्ट्रीय काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील केंद्रातून चालते.

या प्रणालीचा गाभा आम्हांला समजला तो असा. प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक असतो. मायट्रल स्टेनोसिसचा ७९६१९००९ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचा २४७००००७. हा क्रमांक मुद्दामच निरर्थक ठेवलेला असतो. पाहून काही बोध होत नाही. म्हणूनच पुढे ज्ञान बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही. एखादी संकल्पना कालबाह्य ठरली तर ती निष्क्रिय म्हणून बाजूला ठेवतात, पण तिचा क्रमांक पुसत नाहीत आणि दुसरीला देत नाहीत. क्रमांकाच्या सोबतीला नावे असतात. एक पूर्ण आणि निःसंदिग्ध नाव, ज्याच्या शेवटी ती गोष्ट विकार आहे, लक्षण आहे की शस्त्रक्रिया आहे याचा शेरा कंसात असतो. एक व्यवहारात पसंत केलेले नाव. आणि मग समानार्थी नावे, कितीही. 'हार्ट ॲटॅक' हा बोलीतला शब्द आणि 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' हा शास्त्रातला शब्द, दोघांनाही तेथे जागा आहे, कारण दोघेही एकाच क्रमांकाच्या दाराशी येऊन थांबतात.

"आणि एम. एस.?" आम्ही विचारले. त्याने शोधाच्या चौकटीत ती दोन अक्षरे टंकली. एकाखाली एक नावे उतरली. त्यांत 'एम. एस. – मल्टिपल स्क्लेरोसिस' अशी एक ओळ होती आणि 'एम. एस. – मायट्रल स्टेनोसिस' अशीही एक ओळ होती. त्या प्रणालीचा नियमच असा आहे की पूर्ण नावात संक्षेप येऊ द्यायचा नाही, आणि समानार्थी नाव म्हणून तो आला तर विस्तार सोबत घेऊनच यायचा. इस्पितळातल्या माणसाने संक्षेप टंकला तरी संगणक त्याच्यापुढे पूर्ण नावे ठेवतो आणि निवड करायला लावतो. आम्ही त्या दोन ओळींकडे बराच वेळ पाहत राहिलो. तिसरा अर्थही आहे, असे तो मुलगा म्हणाला. औषधाच्या चिठ्ठीत 'एम. एस.' लिहिले तर ते मॉर्फिन सल्फेट की मॅग्नेशियम सल्फेट, असा घोळ होऊ शकतो. म्हणून अमेरिकेतील इस्पितळांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची जी यादी लागू केली, तिच्यात ही अक्षरे आहेत. आमच्या ओळखीचे लॅटिनही या बाबतीत निर्दोष नाही. 'ओ. डी.' म्हणजे गोळ्यांच्या चिठ्ठीत 'ओम्नी दिए', दररोज एकदा. आणि डोळ्यांच्या कागदावर 'ओकुलुस देक्स्तेर', उजवा डोळा.

हा गोंधळ नवा नाही आणि त्याच्या इतिहासात धर्मग्रामांचाही हात आहे, हे वाचून आम्हांला नवल वाटले. लंडन शहरात सतराव्या शतकात दर आठवड्याला मृत्यूंचे तक्ते निघत, ते तेथील पॅरिशचे कारकून गोळा करत. मृताच्या घरी जाऊन कारण पाहण्याचे काम वृद्ध स्त्रियांकडे असे. त्या तक्त्यांत 'दात', 'राजाचा रोग', 'फुप्फुसे वर चढणे', 'अचानक' अशी कारणे नोंदलेली सापडतात. 'राजाचा रोग' म्हणजे गंडमाळा. राजाच्या स्पर्शाने त्या बऱ्या होतात अशी समजूत होती. जॉन ग्राँट नावाच्या कापडव्यापाऱ्याने १६६२ साली या तक्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने हेही नमूद केले की पेलाभर मद्य आणि थोडी चिरीमिरी मिळाली की लाजिरवाण्या रोगाच्या जागी दुसरेच कारण लिहिले जाते. पुढे १८३९ मध्ये इंग्लंडच्या नोंदणी खात्यातील विल्यम फार यांनी तक्रार केली, की एकाच रोगाला तीन-चार नावे आहेत आणि एकाच नावाने तितकेच रोग ओळखले जातात. पॅरिसचे झाक बर्तियाँ यांनी तयार केलेली मृत्युकारणांची यादी १८९३ मध्ये आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेने स्वीकारली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते काम हाती घेतले आणि मृत्यूंबरोबर आजारांचाही त्यात समावेश झाला. या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. दहाव्या आवृत्तीत मल्टिपल स्क्लेरोसिस 'जी ३५' म्हणून मज्जासंस्थेच्या प्रकरणात आहे आणि संधिज्वरातून आलेला मायट्रल स्टेनोसिस 'आय ०५.०' म्हणून रक्ताभिसरणाच्या प्रकरणात. मधे दोन पूर्ण प्रकरणे आहेत. आम्ही त्या मुलीला एका प्रकरणातून उचलून दुसऱ्यात नेऊन ठेवले होते.

हे वाचून आम्ही आमच्याच दफनाच्या नोंदवह्या काढून पाहिल्या. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात, आमच्या हस्ताक्षरात, पानामागून पान 'हार्ट फेल' असे होते. हृदय तर प्रत्येकाचेच थांबते! मृत्यूच्या कारणाच्या सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्रावर स्पष्ट सूचना आहे की मृत्यूची रीत लिहू नये, ज्या रोगाने वा इजेने मृत्यू आला तो लिहावा. लंडनच्या त्या वृद्ध स्त्रियांना हसण्याचा आम्हांला काही अधिकार नव्हता.

आता आमच्या भाषेचा प्रश्न. आमचे लोक 'अंगावरून वारे गेले' म्हणतात, तो पक्षाघात. 'नागीण' म्हणतात; तिला शास्त्रात 'हर्पिस झोस्टर' म्हणतात. हे शब्द गावंढळ म्हणून टाकून द्यावेत असे एके काळी आम्हांला वाटे. पण एका क्रमांकाला कितीही नावे जोडता येत असतील, तर या नावांनीही तेथे का जाऊ नये? नेदरलँडमध्ये रुग्णांना कळतील अशी साध्या डच भाषेतली नावे त्याच क्रमांकांना जोडण्याचे काम झाले आहे. मराठीत असे काम करताना एक सावधगिरी मात्र हवी. 'वाताचा त्रास' या एका शब्दात आम्ही म्हातारपणी झिजलेला गुडघाही घालतो, बोटे वाकडी करणारा आमवातही घालतो आणि लहान मुलीच्या हृदयावर उठणारा संधिज्वरही घालतो. लोकांचा शब्द ऐकून तेथेच थांबता येत नाही. कोणता सांधा, कोणत्या वयात, आधी घसा दुखला होता का, हे पुढचे प्रश्न विचारावे लागतात. त्या प्रश्नांची उत्तरे आईजवळ होती.

आणि शास्त्राचे शब्दही सगळे निर्मळ असतात असे नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांना अनेक दशके एका संपूर्ण मानववंशाच्या नावाने ओळखले जाई. मंगोलियाने हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ मध्ये ते नाव सोडले. दहाव्या आवृत्तीत 'मतिमंदत्व' या अर्थाचे जे शीर्षक होते, त्याच्या जागी अकरावीत 'बौद्धिक विकासाचे विकार' असे शीर्षक आले. नाव अचूक असून भागत नाही. ज्याला ते चिकटते त्याला ते आयुष्यभर वागवावे लागते. आमच्या तोंडून गेलेल्या चुकीच्या नावाने एका मुलीचे लग्न मोडले, तेव्हा हे आम्हांला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही.

कागदाची पिशवी घेऊन माणसे आजही येतात. आम्ही आता कोश उघडत नाही. इस्पितळात पुन्हा जाल तेव्हा विचारायचे तीन प्रश्न आम्ही मराठीत एका चिठ्ठीवर लिहून देतो: या आजाराचे पूर्ण नाव काय? तो शरीराच्या कोणत्या भागाचा आहे? पुन्हा केव्हा यायचे, आणि न आल्यास काय होईल? पूर्ण नाव डॉक्टरांकडूनच त्या चिठ्ठीवर लिहून घ्या, असे सांगतो. कोणी एकटे असेल, घाबरत असेल, तर आम्ही सोबत जातो आणि डॉक्टरांसमोर मुकाट्याने बसतो. रुग्णाच्या आईने एखादी जुनी आठवण सांगायला सुरुवात केली, तर "डॉक्टरसाहेब, एवढे ऐकून घ्या," इतकेच म्हणतो.

गेल्या वर्षी ती मुलगी कचेरीत आली. दर वर्षी तिच्या झडपेची तपासणी होते, तिचा छापील अहवाल तिच्या हातात होता. तिने तो आमच्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवले. आजाराचे नाव सबंध लिहिलेले होते आणि पुढे संकेतांक होता. "फादर, या वेळी पूर्ण लिहिलंय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा होता की नाही, हे आम्हांला ठरवता आले नाही. आम्ही ते नाव मोठ्याने, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले आणि कागद तिच्या हाती परत दिला.